सेल्फ घेत नाही म्हणजे बॅटरीच गेली असं नाही : ट्रकची नेहमीची देखभाल, बॅटरीबदल आणि खर्चाचा हिशेब

पहाटे चारला फोन येतो, "दादा, सेल्फ घेत नाय." सेल्फ म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर. गाडी न्हावा-शेव्याच्या रांगेत उभी, मागचे हॉर्न वाजवतायत, गेटची वेळ निघून चाललेली. अशा वेळी जो दुकानदार पहिला फोन उचलेल त्याची बॅटरी आपण घेतो, तो सांगेल त्या भावाला. गाडी सुरू होते. आपण म्हणतो, बॅटरी गेली होती. चार महिन्यांनी पुन्हा तोच फोन.

एकाच गाडीत मी हे चौदा महिन्यांत तीनदा केलं. तिन्ही वेळा दोष बॅटरीत नव्हता. तो कुठे होता ते तिसऱ्या टप्प्यात येईल, कारण तिथपर्यंत क्रमाने गेलं तरच तो सापडतो. कळंबोली, तुर्भे, भिवंडी, वागळे इस्टेट, कुठेही एक ते पाच गाड्या बाळगणाऱ्यांचं साधारण हेच होतं: देखभाल आठवेल तशी, बॅटरी बंद पडेल तेव्हा, आणि खर्चाचा आकडा फक्त वर्षाअखेरीस सीएकडे गेल्यावर. खाली क्रम दिला आहे. क्रम मोडू नका, बहुतेक पैसे तिथेच जातात.

आधीची तयारी

हाताशी एवढं ठेवा:

- डिजिटल मल्टिमीटर. साधा चालेल, पण दशांशाचे दोन आकडे दाखवणारा हवा.
- हायड्रोमीटर, म्हणजे ज्याने बॅटरीच्या पाण्याची ग्रॅव्हिटी बघतात ती काचेची पिचकारी.
- टर्मिनलच्या नटांना बसतील ते रिंग पाने, वायर ब्रश, पॉलिश पेपर, पेट्रोलियम जेली, खाण्याचा सोडा.
- रबरी हातमोजे, चष्मा आणि पाण्याची भरलेली बाटली. बॅटरीत गंधकाम्ल असतं. डोळ्यात उडालं तर आधी भरपूर पाणी आणि मग दवाखाना.
- गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल. हरवलं असेल तर सर्व्हिस सेंटरकडून तुमच्या मॉडेलचा देखभालीचा तक्ता मागून घ्या.
- एका गाडीला एक वही.

वही म्हटल्यावर अनेकजण पान उलटतात. पण सगळ्यात जास्त पैसे मला वहीने वाचवून दिले, मीटरने त्याखालोखाल.

टप्पा १ : खर्च किलोमीटरवर आणा

"या महिन्यात गाडीला बावीस हजार लागले" या वाक्यातून काहीच कळत नाही. त्यात दोन वर्षं चालणारी बॅटरी आणि वीस हजार किलोमीटर चालणारं ऑइल एकाच ढिगात पडलेलं असतं. प्रत्येक वस्तूची किंमत तिच्या आयुष्याने भागा. उदाहरणापुरते आकडे धरू. तुमच्या बिलांचे वेगळे असतील, रीत हीच. गाडी महिन्याला ५,००० किलोमीटर चालते असं समजा.

- इंजिन ऑइल आणि फिल्टर : ९,००० रुपये, २०,००० किलोमीटरला. किलोमीटरला ४५ पैसे.
- ग्रीसिंग : ८०० रुपये, ५,००० किलोमीटरला. १६ पैसे.
- ब्रेक लायनर, मजुरीसकट : १८,००० रुपये, ६०,००० किलोमीटरला. ३० पैसे.
- एअर फिल्टर : ४,००० रुपये, ४०,००० किलोमीटरला. १० पैसे.
- क्लच : ३०,००० रुपये, दीड लाख किलोमीटरला. २० पैसे.
- बॅटरीची जोडी : २२,००० रुपये, त्यातून जुन्या जोडीचे ४,००० वजा, म्हणजे १८,०००. दोन वर्षं टिकली तर १,२०,००० किलोमीटर. १५ पैसे.

बेरीज १ रुपया ३६ पैसे, महिन्याला ६,८०० रुपये. टायर, डिझेल, विमा आणि टोल यात नाहीत. त्यांचं पान वेगळं ठेवा. दर महिन्याला हे ६,८०० भाड्यातून बाजूला काढून वेगळ्या खात्यात टाकले, की लायनरच्या महिन्यात उसनवारी करावी लागत नाही.

आता बॅटरीकडे बघा. तीच जोडी दहा महिन्यांत गेली तर ५०,००० किलोमीटरला १८,००० रुपये, म्हणजे ३६ पैसे. वरकड २१ पैशांनी महिन्याला १,०५० रुपये जातात. हे सोसता येईल. पण चुकलेली खेप, डिटेन्शन (अडकून पडल्याचा भुर्दंड) आणि पहाटे बोलावलेल्या वायरमनची मजुरी त्याच ओळीत लिहा. मग ती ओळ वहीतली सगळ्यात महाग ओळ होते.

सावध : नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. घोडबंदरला गायमुखच्या चढावर, मुंब्रा बायपासवर किंवा पोर्टच्या रांगेत इंजिन चालू असतं, मीटर मात्र हलत नाही. मी उभ्या गाडीचा इंजिन चालू राहिलेला एक तास ४० किलोमीटरसारखा धरतो. रोज तीन तास, महिन्याला पंचवीस दिवस म्हणजे ७५ तास, म्हणजे ऑइलच्या दृष्टीने ३,००० किलोमीटर जास्त. मीटर ५,००० दाखवतो, ऑइल ८,००० चाललेलं असतं. २०,००० ची बदली चार महिन्यांऐवजी अडीच महिन्यांत येते आणि ४५ पैशांची ओळ ७२ पैशांवर जाते. पुणे-बंगळूर लाइनवर धावणाऱ्या गाडीचा तक्ता ठाण्यातल्या गाडीला लावून "कंपनीने सांगितलंय तेवढंच करतो" म्हणणाऱ्यांचं इथेच चुकतं.

टप्पा २ : नेहमीची देखभाल, पण या क्रमाने

गाडी एक दिवस उभी राहणारच आहे, तर कामं अशी लावा की एका कामाने दुसरं बिघडणार नाही.

१. आधी खालून धुलाई. धुतल्याशिवाय गळती दिसत नाही. अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी भरणारं यंत्र), सेल्फ आणि वायरिंगच्या सॉकेटवर प्रेशरचं पाणी थेट मारू देऊ नका.

२. इंजिन गरम असताना ऑइल काढा. थंड ऑइल तळाचा गाळ मागे ठेवतं. ड्रेन प्लगचा वॉशर नवा घाला. बीएस ६ (नव्या प्रदूषण-निकषाच्या) गाडीत मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल भरा. जास्त राख सोडणारं जुन्या ग्रेडचं ऑइल लिटरमागे थोडं स्वस्त पडतं, पण राख सायलेन्सरमधल्या फिल्टरात साचते आणि त्या फिल्टरच्या किमतीत काही वर्षांचं ऑइल येईल.

३. डिझेल फिल्टर, आणि पाणी वेगळं करणाऱ्या बाउलचं पाणी. पावसाळ्यात ते दर आठवड्याला सोडा.

४. एअर फिल्टर. बाहेरून हवेची गन मारू नका, कागद फाटतो आणि फाटलेला दिसतही नाही. आतला छोटा सेफ्टी फिल्टर कधीच साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. तळोजा एमआयडीसीत धुळीत फिरणाऱ्या गाडीला तक्त्यातलं अंतर कमी करावं लागतं.

५. डीईएफ, म्हणजे युरियाचं पाणी. बीएस ६ वाल्यांनी सीलबंद डबाच घ्यावा. उघड्या डब्यातलं, किंवा डिझेलच्या नरसाळ्यातून ओतलेलं पाणी पंपाची वाट लावतं.

६. हवेच्या टाक्यांतलं पाणी सोडा. पाण्याबरोबर काळं तेल येत असेल तर कॉम्प्रेसर किंवा एअर ड्रायर बघून घ्या. नुसतं सोडत राहू नका.

७. ग्रीसिंग : प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, किंगपिन, पाट्यांच्या पिना. जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं, चार पंप मारून पुढे जायचं नाही. इथे स्वतः उभं राहा. गाडीखाली कोण वाकून बघतोय असं म्हणत सर्वांत जास्त लबाडी याच कामात होते.

८. लायनर आणि ड्रम. चाक उघडलंच आहे तर हबचं ग्रीस आणि सील त्याच वेळी. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळा. ही आठवण ड्रायव्हरच्या मोबाइलवर लावून ठेवा.

९. शेवटी पट्टा. अल्टरनेटरचा पट्टा सैल, तेलकट किंवा भेगाळलेला असेल तर बॅटरी भरत नाही. बॅटरीच्या निम्म्या तक्रारी या पट्ट्यापाशी सुरू होतात, असं माझं मत आहे. मत आहे, मोजदाद केलेली नाही.

तपासा : पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, कधी आहे? आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला फिटनेस दोन वर्षांचा मिळतो, त्यानंतर दर वर्षी करावा लागतो. एमएच ०४ असो, ४३ असो वा ४६, लायनर, लाइट आणि वायरिंगची कामं पासिंगच्या आधीच्या महिन्यात ओढून घ्या. मार्चमध्ये लायनर बदलून मेमध्ये पासिंगसाठी घाईत तेच काम पुन्हा केलं, की मजुरी दोनदा जाते.

रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून, चाकाच्या मध्यापर्यंत पाणी येईल अशी गाडी काढली असेल तर तक्ता बाजूला ठेवा. हबचं ग्रीस आणि डिफरन्शियलचं ऑइल त्याच आठवड्यात बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. अल्टरनेटरही बघा, तो खाली असतो, पाणी पितो आणि महिनाभराने बंद पडतो, तोवर आपण पाऊस विसरलेले असतो.

टप्पा ३ : बॅटरी खरंच गेली आहे का? सहा मापं, याच क्रमाने

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीत जोडून २४ व्होल्ट करतात. छोट्या टेम्पोत एकच असते. माप ३ आणि माप ५ चे आकडे जोडीचे आहेत. टेम्पोवाल्यांनी जोडीचा आकडा निम्मा करावा.

माप १ : उभ्या गाडीचा व्होल्टेज. रात्रभर उभी असलेली गाडी, चावी बंद. प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. गाडी नुकतीच बंद केली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून विझवा आणि मग मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज दिसतो. दोन बॅटऱ्यांत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर त्याची नोंद करा, माप ६ मध्ये लागेल.

माप २ : ग्रॅव्हिटी. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर सहाही सेलमध्ये हायड्रोमीटर घाला. भरलेल्या बॅटरीत १.२४० ते १.२६०, मिस्त्री याला बाराशे चाळीस, बाराशे साठ म्हणतात. बाराशेच्या खाली सगळे सेल सारखे असतील तर बॅटरी उपाशी आहे, मेलेली नाही, चार्जिंगला द्या. एकच सेल इतरांपेक्षा ०.०५० ने खाली असेल आणि चार्ज करूनही तसाच राहिला तर तो सेल गेला. सीलबंद बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर विसंबू नका. तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो.

माप ३ : सेल्फ मारताना. मीटर जोडीच्या दोन टोकांना लावा आणि ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगा. १९ व्होल्टच्या खाली घसरलं तर बॅटरी कमजोर किंवा उपाशी. २४ च्या वर राहिलं आणि नुसता टक आवाज आला तर बॅटरी ठीक आहे; दोष केबल, सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा स्विच) किंवा सेल्फमध्ये.

माप ४ : अर्थिंग. हे माप फारसं कोणी घेत नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लगवर (केबलच्या टोकाच्या पकडीवर) नव्हे, आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वाटेत कुठेतरी अर्थिंग कुजलेली आहे. माझ्या गाडीत पावणेदोन आलं होतं. इंजिन आणि चेसिस जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी बाहेरून काळी दिसत होती. वाकवली तर आतून हिरवी भुकटी सांडली. गाडी दोन वर्षं उरणच्या खाडीकाठी पार्किंगला होती, खारी हवा तिथे धातू ठेवत नाही. कुजलेल्या पट्टीमुळे सेल्फला करंट कमी पडत होता आणि अल्टरनेटरचा चार्जही बॅटरीपर्यंत पुरा पोचत नव्हता. नवी बॅटरी भरलेली यायची म्हणून तीन-चार महिने चालायची, मग उपाशी राहून प्लेटांवर सल्फेट धरायची. ज्याने मीटर लावला त्या तुर्भ्याच्या वायरमनने पट्टीचे साडेचारशे घेतले. तोवर बॅटऱ्यांत साठ हजारांच्या वर गेले होते.

माप ५ : चार्जिंग. इंजिन चालू, थोडी रेस. जोडीवर २७.५ ते २८.५ व्होल्ट यायला हवेत. हेडलाइट आणि पंखा लावूनही २७ च्या खाली जायला नको. कमी आलं तर पट्टा, अल्टरनेटरचे कार्बन, वायरिंग. २९ च्या वर गेलं तर रेग्युलेटर; अशी बॅटरी पाणी उकळून टाकते, आणि ड्रायव्हर सांगतो, "पाणी लई पिते."

माप ६ : बंद गाडीची गळती. चावी काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे कंट्रोल युनिट झोपी जातं. मग निगेटिव्ह केबल काढून मध्ये मीटर अँपिअरवर लावा. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालेल. १०० च्या वर असेल तर एकेक फ्यूज काढून वाट शोधा.

सावध : मीटर अँपिअरवर असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

जीपीएसला दोष देण्याची पद्धत आहे. ३० मिलिअँपिअर घेणारा ट्रॅकर दहा दिवसांत जेमतेम ७ एएच (अँपिअर-तास, बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) खातो. खरा खादाड वेगळा असतो. पार्किंग लाइटचे पाच वॅटचे आठ बल्ब म्हणजे ४० वॅट, २४ व्होल्टवर १.७ अँपिअर, रात्रीचे दहा तास म्हणजे १७ एएच. त्यात केबिनचा पंखा आणि टेप मिळवा. पोर्टला दोन रात्री थांबलेली १०० एएचची जोडी सकाळी का रडते ते कळेल. ड्रायव्हरने पंखा लावायचा नाही असं सांगणं बरोबर नाही, मे महिन्यात त्या केबिनमध्ये झोपून बघा. दर काही तासांनी अर्धा तास इंजिन चालवायला सांगा आणि ते डिझेल वहीत मान्य करा.

आता माप १ मधला फरक. म्युझिक सिस्टिम आणि मोबाइल चार्जर १२ व्होल्टचे, म्हणून वायरमन दोनपैकी एका बॅटरीवरून वायर काढून देतो. ती बॅटरी रोज जास्त खर्च होते, चार्ज मात्र दोघींना सारखाच जातो. एक उपाशी मरते, दुसरी जास्त भरून उकळते. ती वायर काढून टाका आणि २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवा. जोडीपुढे त्याची किंमत किरकोळ आहे.

सहा मापांनंतरही बोट बॅटरीकडेच जात असेल, तर पुढे चला.

टप्पा ४ : खरेदी

जोडीच घ्या. एकच कंपनी, एकच एएच, शक्यतो एकाच महिन्यात बनलेली. नवीच्या शेजारी जुनी ठेवली की जुनी नवीलाही ओढते. एक बॅटरी सहा महिन्यांच्या आत गेली असेल तरच एकट्या बदलाचा विचार करा.

एएच गाडीत जेवढा होता तेवढाच. मोठी घातली तर ट्रेमध्ये नीट बसत नाही. आणि चार्जिंगच कमी असेल तर मोठं भांडं आणून नळ वाढत नाही.

दुकानात विचारायचं ते असं:

- बनल्याचा महिना कोणता? केसवर कोड असतो, दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. सहा महिन्यांहून जुना माल नको. मीटर लावा, प्रत्येक बॅटरी १२.५ च्या वर हवी.
- वॉरंटी किती, आणि त्यातले पुऱ्या बदलीचे महिने किती? चोवीस महिने म्हणजे कधी पूर्ण चोवीस, कधी पहिले बारा बदली आणि पुढचे बारा फक्त सवलत. कार्डावर बघा, तोंडी नको.
- ही बॅटरी तुमच्या गाडीसाठी आणि मालवाहू वापरासाठी कंपनीच्या यादीत आहे का? नसेल तर क्लेम अडतो.
- जुनी न देता भाव किती, जुनी देऊन किती? दोन्ही भाव वेगळे घ्या. "सगळं धरून" हा भाव ऐकायला गोड असतो, त्यात जुनीची किंमत दाबलेली असते.

लेड-अ‍ॅसिड बॅटरीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. जुन्या भावपत्रकावर भाव सांगणारा अजूनही भेटू शकतो, म्हणून कर वेगळा दाखवलेलं बिल मागा. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक, गाडीचा नंबर आणि दोन्ही बॅटऱ्यांचे सिरियल नंबर हवेत. कराचं क्रेडिट मिळेल का, हे तुम्ही भाड्यावर कर कसा भरता त्यावर आहे. सीएला एकदाच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कच्च्या बिलावर हजार-दीड हजार वाचतात. वॉरंटी त्याच वेळी संपते.

टप्पा ५ : बसवणं

१. चावी बंद करा आणि बीएस ६ गाडीत थांबा. बंद केल्यावरही युरियाच्या पाइपमधलं पाणी टाकीत परत खेचलं जातं, त्याला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात केबल काढली, किंवा कट-ऑफ स्विच मारला, तर पाणी पाइपमध्ये राहून खडे धरतं. रोज गाडी लावताना चावी आणि कट-ऑफ एकाच दमात बंद करणाऱ्या ड्रायव्हरलाही हे सांगा.

२. जोडणीचा मोबाइलवर फोटो काढा.

३. आधी चेसिसला गेलेली निगेटिव्ह केबल काढा. मग दोन बॅटऱ्यांमधली लिंक. शेवटी सेल्फकडे जाणारी पॉझिटिव्ह. उलट केलं आणि पाना चेसिसला टेकला, तर ठिणगी पडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ हायड्रोजन असतो. बिडी-सिगरेट तर लांबच.

४. ट्रे सोड्याच्या पाण्याने धुवा, वाळवा, गंज खरवडून रंग लावा. खाली रबर घाला.

५. नवी जोडी ठेवा, पट्टी आवळा. बॅटरी हलायला नको आणि केस फुगायलाही नको. मुंब्रा बायपासच्या खड्ड्यांत सैल बॅटरीच्या प्लेटा झडतात.

६. लग आतून पॉलिश पेपरने घासा. आधी पॉझिटिव्ह, मग लिंक, शेवटी चेसिसची निगेटिव्ह. पॉझिटिव्ह खुंटी निगेटिव्हपेक्षा जाड असते, त्यामुळे बरोबर लग सहज बसतो. बसत नसेल तर हातोडी मारू नका. खुंटी आतून तुटते आणि ती वॉरंटीत येत नाही. सैल लगमध्ये खिळा ठोकायची आपली जुनी खोड आहे. तो खिळा आठ दिवसांत सैल होतो आणि तिथेच ठिणग्या पडतात. नवा लग आणा.

७. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी नाही, आणि चेसिसचं ग्रीस तर नाहीच.

तपासा : गाडी सुरू करून माप ४ आणि माप ५ पुन्हा घ्या आणि आकडे वहीत लिहा. पुढे तक्रार आली तर तुलनेला हेच लागतात.

सावध : इंजिन चालू असताना बॅटरी काढून दुसऱ्या गाडीला "फक्त सेल्फपुरती" द्यायची नाही. अल्टरनेटरचा व्होल्टेज त्या क्षणी उसळतो आणि कंट्रोल युनिट जळू शकतं. जुन्या गाड्यांत हे खपून जायचं. जम्प द्यायचा तर २४ ला २४ नेच, बॅटऱ्या जागेवर ठेवून. चेसिसला वेल्डिंग करायचं असेल तर आधी निगेटिव्ह केबल काढा आणि कंट्रोल युनिटचे कनेक्टरही सोडवा.

टप्पा ६ : पुढचे महिने, आणि क्लेम

दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी बघा, उन्हाळ्यात दर आठवड्याला. फक्त डिस्टिल्ड वॉटर, खुणेपर्यंत. फिल्टरचं पिण्याचं पाणी नाही, एसीतून गळणारं नाही, आणि अ‍ॅसिड तर कधीच नाही; पाणी उडतं, अ‍ॅसिड आतच असतं. अ‍ॅसिड टाकून ग्रॅव्हिटी वाढवून देणारा "बॅटरी ताजी केली" म्हणतो. ती दोन महिने जोरात चालते आणि मग प्लेटांसकट जाते.

चार्जिंगला दिली तर सांगा, एएचच्या दहाव्या भागाने चार्ज कर. १०० एएचला १० अँपिअर, म्हणजे रात्र जाणार. तासाभरात भरून देणाऱ्याकडे अडीअडचणीलाच जा.

मेअखेर माप १ ते ५ एकदा घ्या. पावसात लाइट, वायपर आणि रांग तिन्ही वाढतात, अर्धी बॅटरी जुलै बघत नाही.

क्लेमसाठी बॅटरी नेताना बिल, कार्ड आणि वहीतली चार्जिंगची मापं घेऊन जा. डीलर चार्ज करून तपासतो, त्यात एक-दोन दिवस जाऊ शकतात. तेवढ्यापुरती सर्व्हिस बॅटरी मागा. मागितल्याशिवाय देत नाहीत. बदली मिळालेल्या बॅटरीची वॉरंटी साधारणपणे पहिल्या बिलाच्या तारखेपासूनच मोजतात, नव्याने सुरू होत नाही. काउंटर सोडण्याआधी नवा सिरियल नंबर कार्डावर चढवून शिक्का घ्या.

जुनी जोडी भंगारवाल्याला देऊन त्याने गटारात अ‍ॅसिड ओतायचं, हे बंद करा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती डीलर किंवा नोंदणीकृत रिसायकलरकडे गेली पाहिजे. देताना वजन करून घ्या आणि किती पैसे वजा झाले ते बिलावर लिहून घ्या. वहीतल्या १५ पैशांच्या ओळीत तो आकडा लागतो.